व्ही-क्रॉसला मोठे टायर घालायचेत, पण घासायला नकोत. कुठवर जाता येईल?

कातळकर
गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०२१ची, मॅन्युअल, फोर बाय फोर. टायर कंपनीतून आलेले तेच, २५५/६० आर१८. मुक्काम राजापूर तालुका.

बागेकडे जाणारा शेवटचा पट्टा उघड्या कातळावरून जातो. जांभ्याच्या कडा टायरच्या नक्षीला काही करत नाहीत, पण बाजूने साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, कापतात. साईडवॉल कापली की पंक्चरवाला नुसता हात जोडतो, तिथे ठिगळ चालत नाही. आंब्याच्या दिवसांत पेट्या भरलेल्या, वाशीला गाडी पोचवायची घाई, आणि अशा वेळी स्टेपनी बदलत बसायचं. आता चारही टायर बदलायला आलेतच, तर मोठेच घालावेत असं मनात आहे. २६५/६५ आर१८ किंवा २६५/७० आर१७.

टायरवाला म्हणतो, "बसतील की! थोडे घासतील, मग आपोआप जागा करून घेतील." हे ऐकून परत आलो. मित्र म्हणतो दोन इंच लिफ्ट कर, म्हणजे गाडीच उंच कर. कोणी या गाडीला किंवा तशाच पिकअपला मोठे टायर घातलेत का? नक्की कुठे घासतात? हौद्यात माल भरल्यावर जास्त घासतात का?

उद्यमनगरी
भावा, दोन इंच लिफ्ट, पुढं स्प्रिंगवर स्पेसर, म्हंजे उंची वाढवायची चकती, मागं पाट्याखाली ब्लॉक किंवा एक पाटा जादा. विषय संपला. गाडी दिसतीय पण रुबाबदार. कोल्हापुरात ये, आपल्या वळखीचं गॅरेज हाय.

बेअरिंगवाली
कातळकर, लिफ्टकडे वळण्याआधी दोन गोष्टी सांगा. रिम आत्ताचेच ठेवणार की बदलणार? आणि तुम्हाला उंची हवी आहे की साईडवॉल? प्रश्न विचित्र वाटेल, पण लिहिलंय तुम्ही साईडवॉलबद्दल आणि मागताय उंची.

आधी हिशेब. २५५/६० आर१८ मध्ये साईडवॉल २५५ मिमी रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १५३ मिमी. दोन्हीकडच्या ३०६, त्यात १८ इंचाचे ४५७ मिळवा. टायरचा व्यास साधारण ७६३ मिमी.

२६५/६५ आर१८ : साईडवॉल १७२, व्यास ८०२.
२६५/७० आर१७ : साईडवॉल १८५, व्यास ८०३.
२६५/६० आर१८ : साईडवॉल १५९, व्यास ७७५. फॉर्च्युनरचं माप, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं.
२६५/६५ आर१७ : साईडवॉल १७२, व्यास ७७६.

शेवटची ओळ परत वाचा. रिम १८ऐवजी १७ घेतलात तर साईडवॉल १९ मिमीने वाढते आणि व्यास वाढतो फक्त १३. म्हणजे चाकाच्या मध्यापासून टायर सगळ्या बाजूंनी साडेसहा मिमी बाहेर येतो. तुम्ही मागताय त्या ८०३ला हाच आकडा २० मिमी होतो. घासायचं की नाही ते या साडेसहा आणि वीसच्या मधेच ठरतं.

उद्यमनगरी
ताई हिशेब बरोबर असंल, पण लिफ्ट केल्यावर चाकाच्या वर एवढी जागा व्हतीय, मग घासंल कसं? हितं निम्म्या गाड्या तशाच फिरत्यात.

बेअरिंगवाली
चाकाच्या वर जागा होते, बरोबर. पण पिकअपचा टायर वर फारसा घासतच नाही. घासतो तो स्टेअरिंग पूर्ण कापल्यावर, चाकाच्या मागच्या आणि पुढच्या अंगाला. मागे मडफ्लॅप, त्याच्या आत प्लास्टिकचं अस्तर, आणि त्याच्याही मागे केबिन चेसीवर जिथे बसते तो लोखंडी कोपरा, म्हणजे कॅब माउंट. पुढे बंपरची आतली कड. गाडी दोन इंच उचलली तरी पुढून बघताना चाक ज्या वर्तुळात वळतं ते वर्तुळ तेवढंच राहतं.

दुसरं असं. स्प्रिंगवर स्पेसर घालून गाडी उंच केलीत, तरी मोठ्या खड्ड्यात चाक वर जातं ते शेवटी चेसीवरच्या रबरी बंप स्टॉपपर्यंतच. तो आपल्या जागीच आहे. म्हणजे पूर्ण दाबलेल्या अवस्थेत टायर पूर्वी जिथे पोचायचा तिथेच पोचणार, आता आकाराने मोठा होऊन. लिफ्टमुळे ती वेळ कमी वेळा येते, एवढाच फरक. रिकाम्या रस्त्यावर घासत नाही म्हणून माणूस खूश, आणि घाटात पूर्ण कापलेल्या वळणावर एक चाक खड्ड्यात गेलं की खर्रर्र.

लिफ्ट वाईट असं मी म्हणत नाही. पोटाखाली दगड लागत असेल तर करावी. पण घासण्यावरचा तो उपाय नाही.

जुन्नरी_हायलक्स
+१ बेअरिंगवाली.
आणि लिफ्टचं बिल तिथेच संपत नाही. पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट टोकाला जाऊन बसतो. चाकाला खाली झुलायला जागा कमी उरते, त्यामुळे उतारावर गाडी आदळते. अलाइनमेंट तर पार बिघडतं.

उद्यमनगरी
बरं बाबांनो, मी लिफ्टवाला गुन्हेगार. 😄 पर मग त्या निम्म्या गाड्यांचं काय?

जुन्नरी_हायलक्स
त्या निम्म्या गाड्यांचे मडफ्लॅप काढलेले असतात, बघ एकदा खाली वाकून.

पर्थकर
ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून लिहितोय. इथे डी-मॅक्स गल्लोगल्ली आहे आणि माझी जुन्या पिढीचीच, म्हणजे तुमच्या व्ही-क्रॉसचाच साचा. मी २६५/७० आर१७ घातलेत, रिम मूळच्या ऑफसेटचे, म्हणजे चाक आत-बाहेर सरकलेलं नाही. लिफ्ट नाही.

माझा अनुभव असा: सरळ रस्त्यावर काही नाही. पूर्ण कापून रिव्हर्स घेताना मागच्या बाजूला मडफ्लॅपला लागायचा. मडफ्लॅप आतल्या बाजूने तिरका कापला, अस्तर हीट गनने गरम करून लाकडाच्या ठोकळ्याने मागे दाबलं आणि तसंच थंड होऊ दिलं. त्यानंतर प्लास्टिकला अधूनमधून पुसटसा लागतो, लोखंडाला नाही.

इथे कायद्यात या वर्गाच्या गाड्यांना कंपनीने दिलेल्या सगळ्यात मोठ्या टायरपेक्षा व्यासात ५० मिमीपर्यंत सूट आहे. साध्या मोटारींना फक्त १५. त्यामुळे ८०३ इथे नियमात बसतो. भारतात कसं आहे ते तिथल्यांनी सांगावं.

कायदेशीर_काका
मीच सांगतो, नाहीतरी सगळे माझीच वाट बघत असतील.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं: मालकाने बेकायदा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

टायर झिजला म्हणून बदलणं हा अर्थातच बदल नव्हे. पण माप बदलताना शहाणा माणूस गाडीच्या पुस्तकात छापलेल्या किंवा त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला कंपनीने दिलेल्या मापाच्या आसपास राहतो. लिफ्ट, बाहेर आलेली चाकं आणि कापलेली चेसी हे अपघातानंतर विम्याच्या सर्वेअरला पहिल्यांदा दिसतं. त्याला नकाराचं कारण आयतं देऊ नये.

भटकभवानी
काका, प्रत्येक धाग्यात कलम. स्वयंपाकाच्या धाग्यावर पण या एकदा.

कायदेशीर_काका
तिथे अन्नसुरक्षा कायदा २००६ आहे. बोलावलंत तर येईन.

कातळकर
😂 सगळ्यांचे आभार.
बेअरिंगवाली ताई, तुमचा प्रश्न वर्मी लागला. उंची मला नकोच आहे खरं तर. पोटाला दगड लागत नाही. हवी आहे ती जाड, उंच साईडवॉल. १७चे रिम घ्यावे लागतील हे डोक्यातच आलं नव्हतं. पण १७चा रिम पुढच्या ब्रेकवर बसेल ना?

दुसरं, एक दुकानदार रुंद रिम दाखवतोय, ९ इंच, ऑफसेट शून्य. म्हणतो, "हे बाहेर येतात, म्हणजे आत घासायचा प्रश्नच मिटला."

बेअरिंगवाली
या दुकानदाराकडून चहा प्या आणि परत या.

ब्रेकचं आधी. २०१६ला व्ही-क्रॉस आपल्याकडे आली तेव्हा २४५/७० आर१६ वर आली होती, नंतरच्या फेसलिफ्टला १८ आले. तेव्हा १७ बसण्याची शक्यता चांगली आहे. तरी पैसे देण्याआधी एक रिम पुढच्या हबवर चढवून, नट हाताने आवळून, चाक फिरवून बघा. रिमचा आतला आकार प्रत्येक डिझाइनचा वेगळा असतो. ब्रेकच्या कॅलिपरपासून दोन-तीन मिमी तरी मोकळे हवेत, आणि रिमवर आतून चिकटवायच्या बॅलन्सच्या वजनालाही जागा हवी.

आता ऑफसेट. रिमच्या आत ईटी लिहून पुढे आकडा कोरलेला असतो. हबला चिकटणारी पाठ रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे ते तो सांगतो. आकडा मोठा असेल तर चाक आत जातं, लहान झाला की बाहेर येतं. समजा मूळ रिम साडेसात इंच आणि ईटी ३० आहे. (उदाहरण आहे, तुमच्या रिमवर काय आहे ते वाचा.) दुकानदाराचा ९ इंच, ईटी शून्य. ऑफसेटने चाक ३० मिमी बाहेर गेलं, वर रुंदीचे ३८ मिमी दोन्हीकडे १९-१९ वाटले गेले. बाहेरची कड एकूण ४९ मिमी बाहेर आली!

चाक वळतं ते वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून जाणाऱ्या रेषेभोवती. त्या रेषेपासून चाक जितकं लांब, तितकं वळताना ते मोठा घेर घेतं, अंगणातल्या फाटकासारखं. मग जो टायर मूळ रिमवर कॅब माउंटला लागत नव्हता तोच बाहेर काढलेल्या रिमवर बंपरलाही लागतो आणि कॅब माउंटलाही. शिवाय बेअरिंगवर भार वाढतो, ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग हातातून खेचतं आणि चिखल थेट दारांवर.

आत म्हणजे वरच्या आर्मला किंवा नकलला (हब ज्यावर बसतो तो लोखंडी भाग) घासण्याची भीती खरी आहे, पण ती खूप रुंद टायर मूळ ऑफसेटवर घातल्यावर. २५५चा २६५ झाला तर आत फक्त पाच मिमी जातात.

थोडक्यात, मूळ ऑफसेटच्या जितकं जवळ राहाल तितकं बरं.

ह्यूस्टनचा_बंड्या
इथे हा सगळा प्रकार टॅकोमा या टोयोटाच्या पिकअपवाल्यांचा आवडता छंद आहे. तिसऱ्या पिढीच्या टॅकोमाला, म्हणजे २०१६ ते २०२३, २८५/७० आर१७ घालायची हौस सगळ्यांना. व्यास ८३१ मिमी. गाडी उचलून, अलाइनमेंट करून, अस्तर दाबूनही शेवटी कॅब माउंटचा कोपरा ग्राइंडरने कापून वर नवी पट्टी वेल्ड करावी लागते. इथली गॅरेजं ते ठरावीक दरात करून देतात, दरपत्रकावर ओळ असते!

मी नाही केलं. केबिन ज्यावर बसलीय ते कापायचं धाडस होत नाही. २६५/७० आर१७ वर थांबलो.

कातळकर
आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने न कापलेलं लोखंडसुद्धा गंजतं. कापणे बाद.

भटकभवानी
बंड्याने अलाइनमेंटचा उल्लेख केला तो धरून विचारते, अलाइनमेंटने घासणं कमी होतं म्हणतात ते खरं का? आमच्या फिटरने तसं सांगितलं होतं तेव्हा थाप वाटली.

जुन्नरी_हायलक्स
थाप नाही. हायलक्सला खालच्या आर्मला कॅम बोल्ट असतात. ते फिरवून कॅस्टर, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे कललेला कोन, वाढवला की खालचा आर्म, म्हणजे चाकच, काही मिमी पुढे सरकतं. मागे कॅब माउंटशी तेवढी फट वाढते. पण पुढे बंपरशी तेवढीच कमी होते हेही लक्षात ठेवायचं. काही मिमीचाच खेळ आहे, चमत्कार नाही.
अलाइनमेंटवाल्याला आधी सांगावं लागतं, नाहीतर तो पडद्यावरचे हिरवे आकडे आले की थांबतो. दोन्ही बाजूंचा कॅस्टर सारखा हवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

उद्यमनगरी
अजून एक जुगाड हाय. स्टेअरिंगच्या स्टॉपर बोल्टला वायसर टाकायचं. चाक पूर्ण कापतच न्हाई, मग घासतंय कशाला!

बेअरिंगवाली
तेही करतात, आणि ते चालतं. पण वळणाचा घेर वाढतो. व्ही-क्रॉस आधीच सव्वापाच मीटरहून लांब. अणुस्कुरा घाटाच्या वळणांवर कातळकर तुम्हाला फोन करतील.

उद्यमनगरी
करू दे, चहाला बोलवतो.

बेअरिंगवाली
कातळकर, विकत घेण्याआधी आत्ताच्या टायरवर फटी मोजा. पद्धत अशी:

टायरच्या दोन्ही खांद्यांना, म्हणजे नक्षी संपून साईडवॉल सुरू होते तिथे, ओला गेरू फासा. सपाट जागी स्टेअरिंग पूर्ण डावीकडे कापून थोडं पुढे, थोडं रिव्हर्स. मग उजवीकडे तसंच. रिव्हर्स विसरू नका. मागे जाताना रबरी बुश उलट्या बाजूला दबतात आणि चाक किंचित सरकतं, त्यामुळे पुढे जाताना न घासणारा टायर रिव्हर्सला घासतो.

नंतर पुढचं एक चाक बांधावर किंवा दगडी पायरीवर चढवा, म्हणजे ते वर दाबलं जाईल, आणि पुन्हा दोन्हीकडे कापा. मग दुसरं चाक. कोणीतरी बाहेर उभं राहून बघायला हवं, गाडी चालू असताना हात आत घालायचा नाही. इंजिन बंद करून, हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना दगड लावून मग फटी मोजा. बोटांनी नको, पट्टीने. जिथे सगळ्यात कमी फट आहे ती जागा आणि आकडा इथे लिहा.

कातळकर
केलं. मुलगा बाहेर उभा, मी आत. गेरू निम्मा टायरला, निम्मा मुलाला.

सपाटीवर, पूर्ण डावीकडे कापून, रिव्हर्सला: डाव्या चाकाच्या मागे मडफ्लॅपपाशी सगळ्यात कमी फट. २० मिमीच्या आसपास. अस्तराशी त्याहून थोडी जास्त. लोखंडाशी भरपूर, ४०च्या वर. बंपरच्या बाजूला ३०.
बांधावर एक चाक चढवून: बंपरच्या बाजूची फट तशीच. वरच्या बाजूला हात सहज जातो.
गेरू कुठेच लागला नाही, पण मूळ टायरला तो लागणारही नव्हता.

बेअरिंगवाली
छान. आता तुमचे तुम्हीच बघा. ८०३चा टायर २० मिमी मागे येणार आणि फट २०. म्हणजे मडफ्लॅपला लागणारच. त्यात ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या, टायरचे खांद्यावरचे दात बाहेर आलेले असतात आणि एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्ष मोजले तर काही मिमीचा फरक निघतो. पर्थकरांना झालं तसंच: मडफ्लॅप कापा, अस्तर दाबा.
७७६चा टायर साडेसहा मिमी येणार. दात धरून दहा समजा. काहीही न कापता बसतो.

तुमच्या जांभ्याला हवी ती १७२ची साईडवॉल ७७६ मध्येही मिळतेच.

पर्थकर
सहमत. मला उंची हवी होती, म्हणून मी तो खटाटोप केला. तुम्हाला नको असेल तर २६५/६५ आर१७ उत्तम. वर स्पीडोमीटरही जवळजवळ तसाच राहील.

भटकभवानी
स्पीडोमीटरचं काय?

पर्थकर
व्यास वाढला की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, काटा मात्र जुन्याच हिशेबाने चालतो. ८०३ला फरक सव्वापाच टक्के: पूर्वी काट्यावर १०० दिसताना जो खरा वेग असायचा, त्याहून आता सव्वापाच टक्के जास्त. ७७६ला पावणेदोन टक्के, तोही बहुधा भरूनच निघतो, कारण काटे मुळात थोडा जास्त वेग दाखवतात.
आणि मोठा टायर घातल्यावर "ॲव्हरेज पडलं" म्हणून रडणाऱ्यांनी हेही बघावं की किलोमीटर त्याच टक्क्याने कमी मोजले जातात. थोडं ॲव्हरेज खरंच पडतं, वजनामुळे. पण जितकं वाटतं तितकं नाही.

कातळकर
मग टायर कोणता? एकजण म्हणतो दहा प्लायचे एलटी, म्हणजे लाइट ट्रकचे जाड टायर घे, जांभ्याला तेच.

जुन्नरी_हायलक्स
एलटीची साईडवॉल खरंच दणकट. पण वजन जास्त, रिकाम्या गाडीत हाडं खिळखिळी करतात, आणि मूळ टायरइतकाच भार उचलायला त्यांना हवा जास्त लागते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा एलटीला तसाच लावू नये. दुकानदार सवयीने सगळ्यांना बत्तीस मारतो.
लोड इंडेक्स बघून घ्या, हौद्यात पेट्या असतात तुमच्या. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, ११६ म्हणजे १२५०. आत्ताच्या टायरवर जो आकडा आहे त्याहून खाली अजिबात जायचं नाही.
परदेशी ब्रँडचं मनात असेल तर आधी मिळतो का विचारा. जून २०२०पासून नव्या टायरची आयात परवान्याखाली आहे, काही मापं मधेच बाजारातून गायब होतात. एक टायर फाटला आणि तोच पुन्हा मिळाला नाही, तर फोर बाय फोरमध्ये पंचाईत. इथे बनणाऱ्यांत आता बरेच चांगले ऑल टेरेन आहेत.

बेअरिंगवाली
याच कारणाने पाच घ्या, चार नव्हे. रिमही पाच. स्टेपनी जुन्या मापाची ठेवलीत तर एका ॲक्सलवर दोन वेगळे व्यास येतील. आणि नवी स्टेपनी हौद्याखालच्या जागेत बसते का तेही बघून घ्या. ७७६ला अडचण येऊ नये. ८३१वाले बरेच जण शेवटी स्टेपनी हौद्यात उभी करून फिरतात.

रिम घेताना सहा नट आणि १३९.७ पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास, मिमीत) जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. मधलं भोक मोजायच्या व्हर्निअर कॅलिपरने मोजा. लहान असेल तर बसणारच नाही, मोठं असेल तर मधे रिंग लागेल. नटची बैठक कोनी आहे की सपाट वायसरची तेही पाहा. अलॉय आणि लोखंडी रिमचे नट बरेचदा वेगळे असतात. चुकीच्या बैठकीचा नट आवळल्यासारखा वाटतो आणि चालताना सैल होतो.

माल भरल्यावर घासतात का असं तुम्ही सुरुवातीला विचारलं होतं, ते राहूनच गेलं. मागची चाकं वळत नाहीत, आणि मागे जागा मुबलक असते. भाराने मागचे पाटे बसतात तेव्हा पुढचा भाग उलट किंचित उचलला जातो. तेव्हा माल भरून पुढे घासण्याची शक्यता वाढत नाही. पाट्यांना जादा पान घालायचं असेल तर ते मालासाठी घाला, टायरसाठी नको.

कातळकर
ठरलं. २६५/६५ आर१७, पाच, मूळ ऑफसेटच्या जवळचे रिम. आल्यावर लिहितो.

कातळकर
बसवले. रिम पुढच्या हबवर आधी चढवून पाहिला, कॅलिपरला मोकळा आहे. दुकानदार वैतागला, पण त्याने चढवू दिला. मधलं भोक जुळलं, नट मात्र वेगळे घ्यावे लागले.
गेरू पुन्हा लावला. सपाटीवर कुठेच नाही. बांधावर चाक चढवून पूर्ण कापून रिव्हर्सला मडफ्लॅपवर फिकट रेघ उमटली, बोटाने पुसली गेली. अस्तर आणि लोखंड कोरडं. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर दोन्हीकडून बघितली, लांब आहेत.
अलाइनमेंट करून घेतलं. बागेच्या रस्त्यावर गाडी आता दगडावर जरा मऊ बसते, हे घरच्यांनीसुद्धा न सांगता ओळखलं.

उद्यमनगरी
मडफ्लॅपचा तेवढा कोपरा काप की.

बेअरिंगवाली
नका कापू. पुसटसा लागतो तेवढ्याने काही होत नाही, रबराला रबर आहे. लोखंडाला, पाइपला किंवा वायरला लागला असता तर गोष्ट वेगळी. शंभरेक किलोमीटर झाले की नट परत आवळून घ्या, नव्या रिमला ते बसतात. टॉर्क रेंचने, पाइप लावून उडी मारून नव्हे.

कातळकर
आवळले. दोन नट पाव-पाव वळसा गेले.

सटाण्याचा_शिव
उशिरा आलो. माझी टाटाची जुनी पिकअप आहे, पुढे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगऐवजी पिळणारी सळई. गॅरेजवाला म्हणतो, बोल्ट आवळून पुढून दोन इंच उचलतो, मग मोठे टायर बसतील. तिलाही हाच हिशेब?

बेअरिंगवाली
हाच. टॉर्शन बार आवळून उंची फुकटात मिळते म्हणून लोक भुलतात. बंप स्टॉप तिथेच, वळणाचा घेर तोच, आणि चाकाला खाली झुलायला जागा कमी. आधी गेरू लावा आणि वेगळा धागा काढा. फोटो टाका, चाकाच्या मागून आणि पुढून, स्टेअरिंग कापलेल्या अवस्थेत.